टिंकूच्या भातातली पुरचुंडी

डॉक्टरनं टिंकूचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला. आतल्या हिरड्या पाहिल्या. मग माझ्याकडे न पाहताच विचारलं, "काका, याच्या जेवनात काय काय टाकता?"

"भात, कोंबडी, कोहळं, गाजर."

"अजून?"

"पानी."

"बस?"

"बस."

त्यांनी कागदावर लिहून घेतलं. माझं उत्तर खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं.

टिंकू म्हणजे कुत्रा. पांढरा, केसाळ, लहान जातीचा, वजन चार किलो. आमच्याकडे एवढ्याला कुत्रा म्हणत नाहीत, पिल्लू म्हणतात. पण हा नऊ वर्षांचा होता, म्हणजे त्याच्या जातीत म्हाताराच. त्या सकाळी तो बाईंच्या घरापुढच्या ओट्यावर सतरंजीवर पडला होता आणि मान उचलत नव्हता. लघवी काळ्या चहासारखी झाली होती. आणि गेल्या नऊ दिवसांपासून त्याचा स्वयंपाक मी करत होतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

मी किन्हीराजाचा. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींनी ढकलला म्हणून. धंद्यानं आचारी. आमच्या भागात आचाऱ्याला महाराज म्हणतात. लग्न, तेरवी, भंडारा, जे असेल ते. जेवणाऱ्याला आम्ही माणूस म्हणत नाही, पान म्हणतो. पाचशे पानं ही माझी लहान ऑर्डर. पोहरादेवीच्या यात्रेला गर्दीच्या दिवसांत मी एका बैठकीला किती पानं उठवली ते मोजलेलं नाही, पण भात कमी पडला असं आजपर्यंत कोणी म्हटलेलं नाही. आलू-वांग्याची भाजी माझ्या हातची. ज्यानं खाल्ली त्याला विचारा.

मी काटा वापरत नाही. आमचा काटा म्हणजे अंदाज. मोठ्या गंजात पाणी उकळायला लागलं की त्याच्या आवाजावरून कळतं, तांदूळ कधी टाकायचा. मिठासाठी ओंजळ असते. ओंजळ माझी, म्हणून चव माझी.

दुसरी गोष्ट पुरचुंडी. फडक्यात मसाला बांधायचा, गाठ मारायची, उकळत्या रश्श्यात सोडायची. शेवटी बाहेर काढून पिळायची आणि फेकून द्यायची. पानात काही दिसत नाही, चव मात्र उतरलेली असते. कोणत्या आचाऱ्याच्या पुरचुंडीत काय असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. लग्नघरी सामानाची यादी देतो तेव्हा आम्ही दोन-चार वस्तू जास्तीच्या लिहितो. त्या वापरत नाही. यादी पाहून कोणी शिकू नये म्हणून लिहितो. माझ्या बायकोनं चाळीस वर्षं विचारलं. तिलाही सांगितलं नाही.

आता बाई. बाई आमच्या गावच्या शाळेच्या हेडमास्तरीण होत्या. रिटायर होऊन आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावात राहतात. माझ्या दोन्ही मुली त्यांच्या हाताखाली शिकल्या, त्यांच्या मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक मी केला. ती मुलगी आता पुण्याला असते. साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, वारल्यावर तिनं आईच्या सोबतीला टिंकू आणून दिला. घरात माणूस म्हणून बाई एकट्या.

बाईंचा फोन आला तेव्हा मी घरी बसून होतो. गुडघ्यांमुळे मोठ्या ऑर्डरी बंद केल्या होत्या.

"महादेवराव, एक काम आहे. जेवणारा एकच आहे, पण नखरे फार."

"शाकाहारी का मांसाहारी?"

"मांसाहारी."

मला नवल वाटलं. बाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हटलं, जावई आले असतील.

"किती दिवस राहनार हायेत?"

"ते इथंच असतात."

जावई सासूच्या घरी राहायला आले म्हणजे नोकरी गेली असणार. मी जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपनं मालेगावला गेलो. बाईंनी चहा दिला आणि सोफ्याखाली बोट दाखवलं.

मी चहा संपवला आणि उठलो. तेवढ्यात डॉक्टर आले. जनावरांचे डॉक्टर, तरुण, याच भागातले. माझ्या धोतरावरचे हळदीचे डाग पाहून मी आचारी आहे हे त्यांना कळलं असावं. बाईंना म्हणाले, "बाई, यायच्याच्यानं नाई होनार. लग्नाचे आचारी तेल-तिखटाबिगर रांधूच नाई शकत."

मी परत बसलो.

अडचण अशी होती. टिंकूला पाकिटातलं कोरडं खाणं पचेनासं झालं होतं. खाल्लं की ओकायचा. दातही अर्धे गेलेले. डॉक्टर म्हणाले, घरी शिजवलेलं मऊ द्या, कोंबडीचं द्या. बाई कोंबडीला हात लावत नाहीत. त्यांनी भात-भाजी शिजवून पाहिली, त्यानं तोंड फिरवलं. हॉटेलातून उकडलेली कोंबडी मागवली, तर ती लालभडक आली. या सगळ्यात त्याचं वजन अर्ध्या किलोनं उतरलं होतं.

"अर्धा किलो म्हंजे काय एवढं," मी म्हटलं.

"काका, साडेचारातून अर्धा गेला. तुमच्यातून सात-आठ किलो गेल्यावानी झालं. असंच चाललं तं महिनाभर नाई काढायचा तो."

बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. जेवणाच्या टेबलावर त्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं, कालचं असावं. तो जेवत नाही म्हणून याही जेवत नव्हत्या, हे सांगायला मला कोणी लागलं नाही. उष्टं आणि न खाल्लेलं यातला फरक आचाऱ्याला लांबून कळतो.

डॉक्टरनं चार्ट दिला. बाईंनी तो मला वाचून दाखवला. एका वेळेला एकशे वीस ग्रॅम, दिवसातून दोनदा. कोंबडी बिनहाडाची, भात मऊ, कोहळं, गाजर. मीठ नाही, तेल नाही, तिखट नाही, कांदा नाही, लसूण नाही, कोणताही मसाला नाही. बाईंना सवय आहे, त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "समजलं?"

"समजलं," मी म्हटलं. कांदा काहून नाही, हे मी विचारलं नाही. चाळीस वर्षं लोकांनी मला विचारलं आहे, मी कोणाला विचारलेलं नाही. शिवाय डॉक्टर लोकांची नाही-नाहीची यादी मला माहीत होती. मलाही एका डॉक्टरनं वीस वर्षांपूर्वी मीठ बंद सांगितलं आहे.

घरी आमच्या बुढीनं, म्हणजे बायकोनं, विचारलं, "मंग काय ठरलं?"

"मालेगावची ऑर्डर घेतली."

"किती पानाची?"

"एका."

"एका पानाची ऑर्डर असते का कुठं? पान हाय तरी कोन?"

मी सांगितलं. तिनं तांदळातला खडा वेचून फेकला.

"आन् वाढपी किती नेऊन राह्यले?"

मी भांडी काढायला उठलो.

बाईंच्या स्वयंपाकघरात कोंबडी चालणार नव्हती. म्हणून मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली तीन विटांची चूल मांडली. भांडीही वेगळी. पहिल्या दिवशी माझ्या घरचा सगळ्यात लहान गंज घेऊन गेलो, त्यात पंधरा माणसांचं वरण शिजतं. बाईंनी डिजिटल काटा आणला होता. त्यावर एकशे वीस ग्रॅम ठेवले. ते गंजात टाकले आणि वरून पाहिलं तर दिसलेच नाहीत. पाणी ओतेपर्यंत बुडाला लागले. पाचशे पानांत माझं कधी करपलं नव्हतं, एका पानात करपलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दूध तापवायचं जुनं भगोणं दिलं. त्यात शिजलं नीट. वाटीत काढलं, समोर ठेवलं. टिंकूनं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सोफ्याखाली गेला. दुपारी वाटी होती तशीच. माझ्या हातचं न खाता परत आलं ते आयुष्यात पहिल्यांदा. तेही अशा पानाकडून, ज्याला कशाचीच चव माहीत नाही असं सगळे समजतात.

मी भाताचं एक शीत तोंडात टाकलं. त्याची चूक नव्हती. मीही खाल्लं नसतं.

त्या दिवशी परत येताना काळीपिवळीत मी विचार केला. डॉक्टर म्हणाले, मसाला टाकायचा नाही. पुरचुंडी टाकतात, पण काढूनही घेतात. भातात कांदा सापडणार नाही, लसूण सापडणार नाही. जे वाटीत गेलंच नाही ते खाल्लं असं कसं म्हणता येईल. कढीपत्त्याचं पान ताटाबाहेर ठेवणारे शेकडो लोक मी पाहिले आहेत. ते सगळे समजतात की आपण कढीपत्ता खात नाही.

तिसऱ्या दिवशी पुरचुंडी बांधली. मिठाला हात लावला नाही, तिखटाला नाही, तेलाला नाही. तेवढा मी शब्दाचा पक्का आहे. कोंबडीच्या पाण्यात ती अर्धा तास सोडली, सराट्यानं, म्हणजे मोठ्या उलथन्यानं, दाबून पिळली आणि चुलीत टाकली. बाई तेव्हा देवपूजेत होत्या.

टिंकूनं वाटी चाटली. मग वाटी ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेली आणि तिथं परत चाटली.

बाईंनी पुण्याला फोन लावला. "जेवला गं. सगळं जेवला. महादेवरावांनी केलं." त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी पोळी टाकली. मला विचारलं, "केलंत तरी काय?"

"हात हाय," मी म्हटलं.

पाचव्या दिवशी डॉक्टरनं वजन केलं. थोडं वाढलं होतं. म्हणाले, "काका, मानलं तुमाले." हे ऐकायलाच त्या दिवशी परत बसलो होतो.

आठव्या दिवशी टिंकू वाटीजवळ आला, अर्धं खाल्लं आणि तिथंच बसला. मला वाटलं पोट भरलं. नवव्या दिवशी सकाळी मी कोंबडी घेऊन पोहोचलो तर तो सतरंजीवर आणि डॉक्टर त्याच्याजवळ उकिडवे बसलेले. आणि मग तो प्रश्न, जो सुरुवातीला सांगितला.

माझं उत्तर लिहून घेतल्यावर डॉक्टर बाईंना समजावून सांगू लागले. हिरड्या पांढऱ्या पडल्या म्हणजे अंगातलं रक्त कमी झालं. लघवी काळी म्हणजे रक्त आतल्या आत फुटून राहिलं. असं दोन कारणांनी होतं. एक गोचीड ताप. गोचीड चावते, रक्तात किडे सोडते. दुसरं म्हणजे काही विषारी खाण्यात आलं असेल.

"मंग कोनतं हाय?" मी विचारलं.

"रक्त अकोल्याले पाठवतो. रिपोर्ट उद्या येईन. पन उद्यापर्यंत थांबता येत नाई. खान्यात तं काई नाई म्हनता तुमी. म्हंजे गोचीड तापच. त्याचं इंजेक्शन देऊन टाकतो."

बाईंनी विचारलं, "त्यानं बरा होईल?"

"गोचीड ताप असन तं होईन. इंजेक्शन जड असते, बाई. चांगल्या कुत्र्यालेई लागते. हा तं आधीच गळाला. पन दुसरा इलाज नाई."

त्यांनी बॅग उघडली. बाटलीच्या झाकणात सुई खुपसली आणि औषध ओढायला लागले.

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, परवा मी त्याला बिस्किटाचा तुकडा दिला होता. तो मागत होता म्हणून. चार्टमध्ये नव्हतं." वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारख्या त्या उभ्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना उभं केलं, आता स्वतः उभ्या. "माझ्यामुळंच झालं असेल."

डॉक्टर सिरिंज उजेडात धरून हवा काढत होते, त्यांनी ऐकलं नाही.

मी हिशेब लावला. मी गप्प राहिलो तर टिंकूला इंजेक्शन मिळणार. जगला तर डॉक्टरचं नाव, मेला तर बाईंचं बिस्कीट. माझा हात कुठंच येत नव्हता. चाळीस वर्षांत एवढी सोपी सुटका मला कोणी दिली नव्हती.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं. "एक पुरचुंडी असते."

"कायची पुरचुंडी?"

"फडक्यात बांधेल. पान्यात सोडतो, मंग काढून घेतो."

"काय असते तिच्यात?"

आता हे बोलणं सोपं नव्हतं. हा प्रश्न मला एका आमदाराच्या भावानं विचारला होता, त्यालाही मी हसून टाळलं होतं.

"दोन कांदे," मी म्हटलं. "निखाऱ्यात भाजेल. लसनाचा एक गड्डा. अद्रक. तेजपान. दगडफूल." आणखी एक वस्तू होती. तीही सांगितली. ती इथं सांगत नाही.

डॉक्टरनं सिरिंज खाली ठेवली.

"काका, कांदा-लसून टाकू नका म्हनून लिहून देल्लं होतं ना मी?"

"ठेवला कुठं? बाहेर काढला."

"आन् रस?"

"रस तं पिळून घेतो. त्याच्यातच खरा अर्क असते."

त्यांनी मघाचा कागद परत पुढं ओढला. "रोज?"

"रोज."

"एवढ्याशा कुत्र्याले दोन कांदे?"

"दोनाच्या खाली मले अंदाज येत नाई."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. रागावून नाही, त्याचंच मला जास्त लागलं. कांदा-लसणात असं काही असतं की कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी त्यानं फुटतात. माणसाला काही होत नाही. कच्चा असो, भाजलेला असो, नुसता रस असो, सारखाच. एका दिवसात दिसत नाही, रोज थोडा थोडा साठतो. मोठा कुत्रा थोडंफार सहन करतो, चार किलोचा नाही करत. "तुमी त्याले चव देत होते," ते म्हणाले, "आन् तो ते मन लावून खात होता."

इंजेक्शन परत बाटलीशेजारी गेलं. सलाईन लावली.

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "महादेवराव, मी तुम्हाला यादी वाचून दाखवली होती."

"हो, बाई."

"दोनदा."

"हो."

मी बसलेला होतो तो उठून उभा राहिलो. त्यांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याचा रिपोर्ट आला. गोचीड ताप नव्हता. ते इंजेक्शन दिलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, तीन दिवस पाहू. रक्त अजून उतरलं तर अकोल्याला न्यावं लागेल, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागेल. एवढ्या लांब तो टिकेल असं नाही.

ते तीन दिवस मी सकाळी जायचो आणि ओट्यावर बसायचो. काम काही नव्हतं. बाई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण चहा दोन कपच करायच्या. मी लघवी पाहायचो. पहिल्या दिवशी काळी, दुसऱ्या दिवशी तांबडी, तिसऱ्या दिवशी गढूळ पिवळी. मी आयुष्यात कशाकडे एवढ्या आशेनं पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मान उचलली, पाणी प्यायला आणि डॉक्टरच्या बोटाला चावला. डॉक्टर म्हणाले, आता वाचला.

मी अंगणात जाऊन चुलीच्या विटा मोडल्या, भगोणं घासून पालथं घातलं आणि पिशवी उचलली.

"कुठं निघालात?" बाईंनी विचारलं.

"घरी."

"आणि त्याला जेवायला काय देऊ?"

"दुसरा पाहा कोनी."

"दुसरा काय टाकेल ते तो सांगणार आहे का?" बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत. उशिरा सांगितलंत, पण सांगितलंत. विटा परत मांडा."

बाईंपुढं माझं कधी चाललेलं नाही. विटा परत मांडल्या.

आता खरी अडचण. टिंकूला पुरचुंडीची चव लागली होती. साधा भात ठेवला की तो माझ्या पिशवीकडे पाहायचा. मग मी ते केलं जे कधी केलं नव्हतं. डॉक्टरकडे गेलो. दवाखान्यात एक म्हैस आणि तिचा मालक माझ्या आधी होते, त्यांच्यामागं बसलो.

"काय चालत नाई ते मालूम झालं," मी म्हटलं. "काय चालते ते सांगा."

ते हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की कुत्रा जिभेपेक्षा नाकानं जेवतो. थंड भाताला वास नसतो, कोमट द्या. पाये उकळून त्यांचं पाणी घाला, पण हाड एकही जाऊ देऊ नका, शिजलेलं हाड आतड्यात टोचतं. मी विचारलं, "कलेजी चालते का?" म्हणाले, थोडी चालते, जास्त नाही. "थोडी म्हंजे किती?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला. आपल्या हाताला दुसऱ्याचं माप मी त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं. त्यांनी आपल्या करंगळीचं नख दाखवलं.

कोंबडीची कलेजी कोरड्या तव्यावर मंद आचेवर कडक होईपर्यंत भाजली. पाट्यावर वाटली. कोमट भातावर नखभर भुरभुरली. टिंकू सोफ्याखालून बाहेर आला. पिशवीकडे पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. एका पानाचं शिजवायचं नाही, असं बाईंना सांगून टाकलं. भांडं भरल्याशिवाय भात नीट फुलत नाही, पाणी गोड होत नाही, आणि मलाही अंदाज येत नाही. पण उरलेलं बाईंच्या फ्रीजमध्ये जाणार नव्हतं. बाईंनी डॉक्टरला विचारलं. डॉक्टरनं आपल्याकडे येणारे लहान कुत्रे सांगितले. बँकेतल्या साहेबांचा एक चपट्या नाकाचा, मेडिकलवाल्याचे दोन, कोर्टाजवळच्या वकिलीणबाईंची एक आंधळी, आणखी असेच चार. आता टिंकू धरून नऊ पानं आहेत, घरोघर डबे जातात. सगळी मिळून वजनाला एक माणूस भरत नाहीत, पण पंगत आहे.

या पंगतीबद्दल माझी तक्रार नाही. कोणी रुसत नाही. नवरदेवाचे मामा नसतात. जिलेबी कधी येणार असं कोणी विचारत नाही. आंधळीला वाटी जागेवर लागते, एवढाच तिचा मान.

बुढी आता विचारते, "आज किती पानं उठले?" मी सांगतो. गेल्या हप्त्यात तिनं कलेजी वाटून दिली. वाटताना म्हणाली, "मले नाई सांगतलं चाळीस वर्सं. डॉक्टरले सांगतलं."

"त्यायच्या हातात सुई होती," मी म्हटलं.

प्रत्येक डब्याच्या झाकणावर मी एक चिठ्ठी चिकटवतो. माझ्या हातानं लिहिलेली. एक चिठ्ठी लिहायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शंभर पानांची पोळी लाटून होते. पहिली चिठ्ठी बाईंनी तपासली आणि खाली सही करायला लावली. आत जे जे आहे ते सगळं तिच्यावर असतं. तांदूळ, कोंबडी, कोहळं, गाजर, पायांचं पाणी, कलेजी नखभर. शेवटची ओळ, कांदा लसूण नाही, रससुद्धा नाही. जास्तीची, चकवायची वस्तू एकही लिहीत नाही.

आलू-वांग्याच्या भाजीचं अजूनही लोक विचारतात. परवा काळीपिवळीत एकानं विचारलं. जो तोंडानं विचारू शकतो त्याला मी सांगत नाही. ज्याला विचारता येत नाही त्याचं लिहून ठेवतो.